शेडमधले तीन एक्झॉस्ट पंखे : आठ महिन्यांनंतर

पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर या पंख्यांना मी शिव्याच घातल्या असत्या. आता आठ महिने झालेत. शिव्या थांबल्यात, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच वाट्याच्या होत्या हेही कळलंय.

शेड १५ मीटर लांब, १० मीटर रुंद, उंची सरासरी ६ मीटर. आत वेल्डिंग आणि ग्राइंडिंग. म्हणजे ९०० घनमीटर हवा. तासाला वीस वेळा बदलायची धरली तर १८,००० घनमीटर. २४ इंची पंख्याच्या माहितीपत्रकात ताशी ९,००० लिहिलेलं, म्हणून दोन घेतले आणि मागच्या भिंतीत वरच्या बाजूला बसवले. धूर पत्र्याखाली साचतो म्हणून तिसरा, १८ इंची, छतात.

इथेच पहिली चूक झाली. माहितीपत्रकातला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी नाही, मागे झडपा नाहीत, अशा स्थितीतला. त्या लावल्या की आकडा खाली येतो, त्यामुळे हिशोबात थोडी सूट धरायला हवी होती.

दुसरी चूक त्याहून मोठी. हवा बाहेर फेकायची सोय केली, आत यायची केलीच नाही. धूळ आणि पाऊस नको म्हणून समोरचं शटर बंदच असायचं. पंखे सुरू केले की छोटं दार उघडायला जोर लागायचा, दाराखालून शिट्टी वाजायची, आणि बाहेरच्या झडपा अर्ध्याच उघडून फडफडत राहायच्या. आवाज प्रचंड, धूर जागच्या जागी. पंखे कमी ताकदीचे दिलेत म्हणून मी विक्रेत्याशी भांडलो. त्याने एवढंच सांगितलं, ‘शटर वर करून बघा.’ केलं, आणि पाच मिनिटांत पत्र्याखालचा थर निघून गेला. आवाजही उतरला, कारण अशा पंख्याला हवा मिळेनाशी झाली की तो गुरगुरतो आणि मोटरवरचा भार उलट वाढतो.

मग समोरच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, तिरक्या पट्ट्यांच्या जाळ्या बसवल्या. सेकंदाला ५ घनमीटर हवा अडीच मीटरच्या वेगाने आत घ्यायची तर २ चौरस मीटर मोकळी जागा लागते, आणि ती पट्ट्यांची जाडी वजा करून. पंख्याशेजारची खिडकी मात्र कायमची बंद केली. ती उघडी असली की पंखा तिथलीच हवा ओढून बाहेर टाकतो, कामाच्या जागेवरचा धूर हलतच नाही. खिडकीत दोरा टांगला होता. तो आत खेचला जाताना पाहिला तेव्हाच पटलं.

बसवण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण खरा त्रास तिथेच झाला. भिंत ९ इंची विटांची. भोक पाडलं, वर लिंटेल टाकला, इथपर्यंत ठीक. पण पंख्याची प्लेट आम्ही अँकर फास्टनरने (भोकात फुलून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) थेट विटांवर आवळली, तीही भोकाच्या कडेला अगदी खेटून. तीन आठवड्यांत कडेच्या विटा भुगा होऊ लागल्या, अँकर हलायला लागले आणि भिंतच गुणगुणायला लागली. मग पंखा उतरवला, अँगलची चौकट करून तिचे पाय काँक्रीटमध्ये रोवले, आणि प्लेट रबरी पॅडवर, नायलॉक नट (थरथरीने सैल न होणारे) लावून बसवली. दुसऱ्या पंख्यालाही तेच केलं. चौकटीच्या भोवतीची फट बुजवायला विसरू नका; हवा तिथूनच परत आत वळते. आठवड्याने सगळे नट एकदा पुन्हा आवळले, त्यानंतर आजवर पाना लावावा लागलेला नाही.

वायरिंग जोडल्यावर एक पंखा उलटा फिरत होता. थ्री फेजमधल्या कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते, पण ते आधी तपासावं लागतं, कारण पाती उलटी फिरली तरी वारा लागतोच, फक्त आतल्या बाजूला. प्रत्येक पंख्याजवळ वेगळा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) घेतला हे बरं झालं. साफसफाईसाठी शिडीवर चढल्यावर खाली कुणी बटण दाबेल ही धाकधूक नाही. ग्राइंडिंगची धूळ पात्यांवर बसली की तोल जातो, म्हणून दर दोन महिन्यांनी पाती पुसतो.

विजेच्या बाबतीत व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाचा) खर्च मला पटलाय. वेग वीस टक्क्यांनी उतरवला की पंख्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते, आणि काम कमी असेल तेव्हा तेवढी हवा पुरते. थिनरचं काम आत करत असाल तर मात्र हे साधे पंखे नकोतच. ती वाफ जड असते, खाली बसते, आणि तिथे फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारी) मोटर लागते.

आता छतातला पंखा. तो मी पुन्हा असा घेणार नाही. पत्रा कापून पर्लिनमध्ये (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांमध्ये) चौकट बसवली आणि कडेने सिलिकॉन फासलं. पत्रा उन्हात ताणतो, पंखा वरून थरथरतो, त्यामुळे सिलिकॉनला चिरा पडल्या आणि पहिल्याच जोराच्या पावसात थेंब सरळ वेल्डिंग मशीनवर. चौकटीला चढाच्या बाजूने पत्र्याची पट्टी लावून ती वरच्या पत्र्याखाली सरकवायला हवी होती, म्हणजे पाणी तिच्यावरून वाहून गेलं असतं. ते आता केलंय, गळती थांबली. पण सातव्या महिन्यात बेअरिंग बोलू लागलं. कागद काढून पाहिला तर मोटर आडव्या शाफ्टसाठीची, आणि आम्ही ती उभी टांगलेली. पात्यांचं सगळं वजन शाफ्टच्या दिशेने बेअरिंगवर. उभी चालणारी मोटर मागवली आहे. तोवर त्या भोकावर खालून प्लायवूड मारून ठेवलंय, नाहीतर भिंतीतले दोघे छतातूनच हवा ओढत बसतात.