भूजलाचं सिम्युलेशन नववीच्या वर्गात: जून ते मेचा अनुभव

गेल्या जूनपासून नववीला भूजल कॉम्प्युटरवर शिकवते आहे. सिम्युलेशन फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. जमिनीचा उभा छेद दिसतो, पाऊस निळ्या ठिपक्यांनी पडतो, कुठल्या थरातून किती पाणी पाझरावं ते बदलता येतं आणि हवी तिथे विहीर खणता येते. सूचना इंग्रजीत, त्यांच्या मराठी चिठ्ठ्या मी करून दिल्या.

आधी फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी निम्म्या मुलांच्या डोक्यात जमिनीखाली एखादं तळंच असायचं. ठिपके वाट काढत खाली सरकताना पाहिले आणि पहिल्याच तासाला ते तळं गेलं. पण खरी कमाल विहिरींची. एका मुलीने विहिरीला लागून दुसरी खोल विहीर खणली आणि उपसा वाढवला. पहिलीतले ठिपके एकेक करत उतरले, तळ उघडा पडला. ती म्हणाली, "मॅडम, हे आमचं आणि चुलत्यांचं आहे." वर्ग गप्पच झाला. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं हिवरे बाजारने का ठरवलं, ते मग वेगळं सांगावं लागलं नाही.

अडचण येते ती खडकाची. स्क्रीनवर वाळू-चिकणमातीचे सरळ थर. आपल्याकडे राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणावर, आणि पाणी असतं ते वरच्या मुरमात नाहीतर खालच्या भेगा-सांध्यांत. म्हणूनच एका बोअरला पाणी लागतं आणि वीस पावलांवर नुसता फुफाटा उडतो. वरचा थर पाझरणारा, खालचा जवळजवळ बंद ठेवून मुरूम-पाषाण जमवला. भेगा काही काढता येईनात. शेवटी मुलांना शाळेमागच्या विहिरीवर नेलं. कातळातल्या एका आडव्या फटीतून पाणी झिरपत होतं, बाकी भिंत कोरडी ठणठणीत. फट बघायला सगळी काठावर ओणवी!

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. आम्हीही तेच महिने धरले. दोरीला दगड बांधला, मीटरवर गाठी मारल्या. ऑक्टोबरात पाणी 3 मीटरवर होतं, मार्चमध्ये 9. स्क्रीनवर वर्षाचा पाऊस मिनिटात मुरतो, त्यामुळे विहीर रात्रीतून भरते असं काहींना वाटायला लागलं होतं. या गाठींनी तो गैरसमज काढला. मे महिन्यात सुट्टी असूनही दोघं जाऊन मोजून आली.

यंदा आधी विहीर, मग स्क्रीन असा क्रम ठेवणार आहे.