दुष्काळातला ऑलिव्ह: कोरडवाहू, ठिबक की अतिघन?

‘ऑलिव्हला पाणी लागत नाही’ हे वाक्य रोपं विकणाऱ्यांच्या तोंडी हमखास असतं. ते निम्मं खरं आहे. पाण्यावाचून झाड तगतं, पण फळ धरेलच असं नाही आणि धरलं तरी त्यात तेल भरेलच असं नाही. हा फरक किती महाग पडतो ते दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांताने २०२२ ते २०२४ या काळात भोगलं. ऑलिव्हमध्ये पैसे घालायचा विचार असेल, स्वतःच्या रानात किंवा परदेशातल्या कुणाच्या बागेत भागीदारीने, तर तिथल्या तीन प्रकारच्या बागा त्या वर्षांत कशा वागल्या ते आधी बघा.

स्पेनमध्ये २०२१-२२ च्या हंगामात सुमारे १४.९ लाख टन तेल निघालं. पुढच्या हंगामात ते साडेसहा लाखांच्या घरात आलं, त्यापुढच्या साली साडेआठ लाखांच्या आसपास राहिलं. पाऊस बरा झाला आणि २०२४-२५ मध्ये आकडा पुन्हा १४ लाखांपर्यंत गेला. झाडं वाळून गेली असती तर उत्पादन इतक्या लवकर उसळलं नसतं. झाडं जागेवर होती, पीक नव्हतं.

कोरडवाहू बाग

आंदालुसियातल्या हाएन जिल्ह्यात सहा कोटींहून जास्त ऑलिव्हची झाडं आहेत. टेकड्यांच्या उतारांवर नजर पोचेल तिथवर तीच. जुन्या बागांमध्ये दोन झाडांत दहा-बारा मीटरचं अंतर, म्हणजे हेक्टरी जेमतेम ऐंशी-शंभर झाडं. जागा वाया घालवल्यासारखी वाटते, पण हिशेब पक्का आहे. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. त्यामुळे हिवाळ्यात मुरलेल्या ओलीवर झाडाला पुढचे चार-पाच महिने काढायचे असतात, आणि त्यासाठी प्रत्येक झाडाच्या मुळांना मोठा टापू लागतो.

अशा बागेचं उत्पन्न बेताचं. साधारण वर्षी हेक्टरी दोन-तीन टन फळ, आणि आंब्यासारखंच एक वर्ष भरघोस तर पुढचं हलकं. दुष्काळ पडला की झाड पानांची रंध्रं मिटतं, फळं गाळतं आणि स्वतःला वाचवतं. नुकसान सगळं शेतकऱ्याचं, पण त्याच्यापुरतंच. ना पंपाचं वीजबिल, ना पाईपचं कर्ज. खरा खर्च तोडणीचा: उतारावर जाळी अंथरून काठ्यांनी फळ झोडपायला माणसं लागतात, आणि ती दरवर्षी महाग होत चालली आहेत.

एक गोष्ट मात्र या बागेच्या हातात नाही, ती म्हणजे फुलोऱ्यातली उष्णता. २७ एप्रिल २०२३ रोजी हाएनशेजारच्या कोर्दोबात पारा ३८.८ अंशांवर गेला, आणि मोहोर नेमका त्याच सुमारास येतो. त्या झळेपुढे ठिबकवाल्यांचंही फारसं काही चाललं नाही.

ठिबकची बाग

१९९० च्या दशकातल्या दुष्काळानंतर हाएनमधल्या पुष्कळ जुन्या बागांना ठिबक लागलं. झाडं तीच, फक्त नळ्या आल्या. ग्वादलकिव्हीर नदीच्या खोऱ्यात ऑलिव्हसाठी वर्षाला हेक्टरी साधारण १,५०० घनमीटर पाणी धरतात, म्हणजे एकरी सहा लाख लिटर. आपल्याकडच्या उसाला याच्या दहापटीहून जास्त लागतं, हे लक्षात घेतलं तर मागणी किरकोळच वाटते.

मोसंबी-डाळिंबवाल्यांना ‘ताण देणं’ वेगळं सांगायला नको. तिथेही तेच करतात, फक्त वेळ वेगळी. फुलोरा आणि फळधारणेला पाणी द्यायचं, जुलै-ऑगस्टमध्ये कोय टणक होत असताना हात आखडायचा आणि सप्टेंबरपासून तेल भरताना पुन्हा सोडायचं. नीट जमलं तर थोडक्या पाण्यात उत्पन्न दुपटीच्या जवळ जातं आणि वर्षाआडचा चढउतारही कमी होतो. शेतीच्या नजरेने मला तिघांत हाच प्रकार सर्वांत शहाणा वाटतो.

अडचण पाण्याच्या उगमाशी आहे. खोऱ्यातल्या धरणांवरच्या सिंचनाला चांगल्या वर्षी हेक्टरी ६,००० घनमीटरपर्यंत पाणी मिळतं. २०२३ मध्ये ते हजाराच्याही खाली आणलं गेलं. आवर्तन आटलं की उरते बोअर. हाएनमधल्या लोमा दे उबेदा भागात कित्येकशे मीटर खोल गेलेल्या बोअरांनी भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला, आणि तो मुख्यतः ऑलिव्हसाठी. एकेका शेतकऱ्याचं पाणी थोडं, पण असे लाखो हेक्टर झाले की बेरीज थोडी राहत नाही.

त्यात बाजारभावाने तेल ओतलं. जानेवारी २०२४ मध्ये तेलाचा घाण्यावरचा भाव किलोला नऊ युरोंपर्यंत चढला. शेजाऱ्याची कोरडवाहू बाग रिकामी आणि तुमच्या बोअरला पाणी, म्हणजे दुष्काळाचं वर्ष तुमच्यासाठी सुगीचं. अशा वेळी माणूस पंप बंद ठेवील ही अपेक्षाच चुकीची. जालन्याच्या मोसंबी पट्ट्यात २०१२-१३ साली बागा जगवण्यासाठी लोकांनी काय काय केलं ते आठवत असेल, तर हे तर्कशास्त्र परकं वाटणार नाही.

अतिघन बाग

हेक्टरी दीड-दोन हजार झाडं, कुंपणासारख्या सलग ओळी, अर्बेकिना किंवा अर्बोसानासारखे बुटके वाण. द्राक्षतोडणीच्या यंत्रासारखं उंच यंत्र ओळीवरून चालत जातं आणि माणसांची टोळी लागत नाही. तिसऱ्या वर्षापासून पीक, हेक्टरी आठ-दहा टनही. कागदावर याच्यापुढे बाकीचे दोन प्रकार टिकत नाहीत.

पण इथे पाणी ही अट आहे. एवढ्या दाटीत मुळांना मोकळा टापू नसतो, त्यामुळे साठलेल्या ओलीवर भागत नाही. पाणी जुन्या ठिबक बागेपेक्षा बरंच जास्त लागतं आणि वेळेवर लागतं. शिवाय सगळं गणित कर्जावर आणि पंधरा-वीस वर्षांच्या आयुष्यावर बेतलेलं असतं. त्यातली लागोपाठ दोन वर्षं कोरडी गेली तर ती भरून काढायला पुढे अवधी कमी. सपाट जमीन आणि दुष्काळातही न तुटणारा पाण्याचा हक्क, दोन्ही हातात असतील तरच इकडे वळावं.

नळाचं पाणी

स्पेनच्या पाणी कायद्यात लोकवस्तीचं पाणी पहिलं, शेतीचं नंतर. म्हणजे धरणावर विसंबलेल्या बागेचं पाणी कायद्यानेच ‘उरलं तर’ या वर्गातलं. २०२४ च्या सुरुवातीला मालागाजवळचं ला विन्युएला धरण आठ टक्क्यांच्या आसपास होतं. तिथल्या शेतीचं पाणी तोडलं, तरी गावांवरही निर्बंध आले. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला, धरणसाठा १६ टक्क्यांखाली गेल्यावर, बार्सिलोना परिसरात आणीबाणी जाहीर होऊन माणशी दिवसाला २०० लिटरची मर्यादा आली.

सगळ्यात बोलका प्रसंग कोर्दोबाच्या उत्तर भागातला. सिएर्रा बोयेरा धरण आटलं, पर्याय म्हणून ला कोलादा धरणाचं पाणी वळवलं, ते पिण्यालायक निघालं नाही. २०२३ च्या एप्रिलपासून जवळपास वर्षभर सुमारे ८० हजार लोक पिण्याच्या पाण्यासाठी टँकरवर होते. लातूरकरांना २०१६ ची पाण्याची रेल्वे आठवेल. याचा दोष ऑलिव्हच्या माथी मारता येणार नाही. पण अशा टापूत बागेसाठी नवीन पाणी मागायला गेलात तर समोरचा काय म्हणेल, हे वेगळं सांगायला नको.

मग निवड काय?

जमीन उताराची, कर्ज नको आणि एखादं वर्ष रिकामं सोसण्याची ऐपत असेल तर कोरडवाहू; ओळींमध्ये गवत राखलं तर माती तरी जागेवर राहील. नोंदलेला पाण्याचा हक्क असेल तर ठिबक, पण हिशेब सरासरी वर्षाच्या पाण्यावर मांडू नका. २०२३ सारख्या वर्षाच्या पाण्यावर मांडा. अतिघन बागेचा प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर पाण्याचा परवाना दाखवायला सांगा, बोअरची खोली सांगू लागला तर उठा.

महाराष्ट्रात लावायचा विचार असेल तर माझा सल्ला सरळ ‘नको’ असा आहे. मराठवाड्यात पाऊस हाएनपेक्षा कमी नाही, पण वेळापत्रक उलटं आहे: तिथला उन्हाळा कोरडा, आपला पावसाळा चिंब, आणि काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की ऑलिव्हची मुळं कुजतात. त्याहून मोठी अडचण थंडीची. फूल धरायला या झाडाला हिवाळ्यात बरेच दिवस चांगला गारठा लागतो, तो दख्खनच्या पठारावर पुरेसा पडत नाही. राजस्थान सरकारने २००७-०८ पासून इस्रायलच्या मदतीने बिकानेरकडे लागवड केली, तिथे थंडी तरी आहे, आणि ती लागवडही ठिबकवरच. तरीही कुणी आग्रह धरलाच, तर आपल्याच जिल्ह्यातल्या बागेच्या पाच वर्षांच्या तोडणीच्या नोंदी मागा, त्यातलं एक वर्ष दुष्काळाचं असलंच पाहिजे. हिरव्यागार पानांचे फोटो त्या नोंदींच्या जागी चालणार नाहीत.