काळ्या मातीवर सरफेस ग्राइंडर: एक उन्हाळा, एक पावसाळा

दारव्हा तालुक्यातल्या गावात, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मी जुना सरफेस ग्राइंडर बसवला, म्हणजे फिरत्या दगडी चाकाने (व्हीलने) धातूचा पृष्ठभाग सपाट घासणारी मशीन. टेबल हाताने सरकवायचं, १८ बाय ६ इंच, व्हील ८ इंची, मोटर एक एचपीची. आता त्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. मशीनवर मी मनापासून खूश आहे, पण ज्यांना घ्यायची आहे त्यांनी आधी आपल्या जमिनीकडे पाहावं.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते. घरांच्या भिंतींना तडे जातात ते यामुळेच. अशा मातीवरचा कोबा हलला की मशीनचा चार पायांवरचा बेड किंचित पिळतो, आणि तो पीळ थेट जॉबवर, म्हणजे घासायच्या तुकड्यावर, उतरतो. म्हणून काळी माती उपसून मुरूम ठोकून भरला, वर सळई घालून काँक्रीट केलं आणि भोवतालच्या कोब्यापासून ते सुटं ठेवलं. शेजारी जुन्या कोब्यावर लेथ आहे. झडीनंतर त्याच्या लेव्हलचा बुडबुडा सरकला, ग्राइंडरचा जागेवरच होता.

दुसरं ऊन. पोलाद मीटरभर लांबीला दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे ३०० मिलिमीटरची पट्टी १५ अंशांनी तापली की ५० मायक्रॉनहून जास्त फरक. मे महिन्यात शेवटचे हात मी पहाटेच मारतो, दुपारी फक्त जाड माल काढतो.

लाइनचं म्हणाल, तर शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीने येते आणि घरी सिंगल फेज. मोटरच्या प्लेटवर २३०/४१५ लिहिलेलं होतं, म्हणून डेल्टात (२३० व्होल्टच्या जोडणीत) जोडून व्हीएफडीवर, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज देणाऱ्या उपकरणावर, चालवली. काहीच तक्रार नाही.

माझं मुख्य काम कडबा कुट्टीच्या पात्यांचं. सरळ पाती असेल तर पाठ आणि धार दोन्ही निघतात. बाकदार पातीची फक्त पाठ सपाट होते, धार हातानेच. पाती वाकलेली असेल तर मॅग्नेटिक चक (टेबलवरचा, जॉब धरून ठेवणारा चुंबक) तिला ओढून सरळ करतो. वरून चकचकीत घासा, चक सोडा, पाती पुन्हा होती तशी वाकडी. त्यामुळे मी पोकळ बाजू खाली ठेवतो, फटीत शिम (पातळ पत्र्याची पट्टी) सरकवतो, हलका हात मारतो, मग उलटतो. वेळ लागतो, पण अशी पाती कुट्टीत समोरच्या स्थिर कडेला, म्हणजे ठोकर्‍याला सारखी घासून चालते. एका वेळी १० मायक्रॉन, म्हणजे हँडव्हीलची एक रेघ, याहून जास्त घेत नाही. धारेवर निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा. ती पाती वावरात टिकत नाही.

नवीन व्हील टांगून लाकडाने हलकं वाजवा. खणखणीत नाद आला तरच चढवा, आणि पहिलं मिनिटभर रिकामं फिरवताना समोर उभं राहू नका. डायमंड ड्रेसर (व्हील घासून सारखं करणारं हिऱ्याचं टोक) आणि मास्क यांत काटकसर नको.

पावसाळ्यात टेबलवर कूलंट (घासताना गार ठेवणारं पाणी) ठेवून झोपलात तर सकाळी गंज. रोज पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो, मला हा एकच खरा त्रास वाटतो.

जुनी मशीन बघायला जाल तेव्हा डायल (बारीक चढउतार दाखवणारं काट्याचं माप) व्हीलहेडला, म्हणजे व्हील जिथे बसतं त्या भागाला, लावा आणि चकावरून टेबल पूर्ण फिरवा. टेबल ज्यांवर सरकतं ते गाइड मधोमध जास्त झिजलेले असतात. दारव्हा-दिग्रस भागात कोणाकडे डायल नसेल तर माझा घेऊन जा.