निंबोळी पेंड, मित्रबुरशी की मित्र सूत्रकृमी? मातीतल्या किडींसाठी उपाय निवडताना

रोप दुपारी मान टाकते, पाणी देऊनही सावरत नाही, आणि उपटले तर मुळांचा पत्ताच नसतो. अशा वेळी बहुतेक जण निंबोळी पेंड आणून मुठीने टाकतात. पेंड वाईट नाही, पण हुमणीवर (मुळे खाणाऱ्या भुंग्याच्या अळीवर) ती जेमतेम चालते आणि कुंडीतल्या चिलटांना तर कधीकधी वाढवतेच. कोणता उपाय जास्त जहाल, हा प्रश्न मागाहून येतो. आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कीड कोणती आहे, आणि वाफा रिकामा आहे की त्यात पीक उभे आहे.

आधी कीड ओळखा

वाफ्यात ३० बाय ३० सेंमीचा चौकोन १५ सेंमी खोल खणा आणि माती पोत्यावर पसरा. पांढरट, तपकिरी डोक्याची, अर्धवर्तुळात वळलेली अळी दिसली तर हुमणीचा संशय घ्या. मात्र ती लगेच मारू नका, सपाट जागेवर ठेवून बघा. उताणी होऊन पाठीवर सरकत निघाली तर ती फुलभुंग्याची अळी असते. ती कुजका पाला खाते, तिला कंपोस्टच्या ढिगात परत सोडा. हुमणी कुशीवर वळून पडून राहते किंवा पायांनी ओढत सरकते.

रोप जमिनीलगत कापलेले असेल तर बुंध्याभोवतीची चार-पाच सेंमी माती उकरा. राखाडी कटवर्म (रोप बुंध्याशी कापणारी अळी) वेटोळे करून तिथेच सापडते. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे बारीक कृमी. शेंगवर्गीय पिकांच्या नत्राच्या गाठी बोटाने सहज सुटतात आणि आतून गुलाबी असतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती सुटत नाही. कुंडीतून बारीक काळी चिलटे उडत असतील तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर ठेवा आणि दोन दिवसांनी उलटून बघा. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या खालच्या बाजूला जमलेल्या दिसतील.

हुमणी: खरी तुलना इथेच आहे

अळी जितकी मोठी, तितका कोणताही जैविक उपाय कमी पडतो. भुंग्यांचा जोर ओसरल्यावर काही आठवड्यांत अळ्या लहान असतात, तेव्हाच मारा. बोटाएवढ्या झालेल्या अळ्या हाताने वेचणे हाच खात्रीचा मार्ग.

निंबोळी पेंड अळीची भूक मारते आणि कात टाकण्यात अडथळा आणते. मोठ्या अळीला ती क्वचितच मारते. म्हणून ती प्रतिबंधासाठी धरावी. चौरस मीटरला १०० ग्रॅम, १२ इंची कुंडीला २० ते ३० ग्रॅम, आणि तीही लागवडीच्या दोन आठवडे आधी मातीत मिसळून. ताजी पेंड कुजताना अमोनिया सुटतो. रोपाच्या बुडाशी ढीग घातला तर कोवळी मुळे करपतात आणि दोष किडीवर जातो.

मेटारायझियम ही मित्रबुरशी अळीच्या कातडीतून आत शिरते. किलोभर पूर्ण कुजलेल्या शेणखतात ५ ते १० ग्रॅम पावडर मिसळा, ओलसर करून आठवडाभर सावलीत पोत्याखाली ठेवा, मग चौरस मीटरला एक-दोन किलो या हिशेबाने मुळांच्या पट्ट्यात मिसळा. परिणाम दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. मेलेली अळी आधी पांढरी बुरशी धरते, मग हिरवी पडते. माती कोरडी पडली किंवा तापली की बुरशी थंडावते. तिचा मोठा फायदा असा की ओल आणि सेंद्रिय द्रव्य मिळाले तर ती मातीत टिकते.

मित्र सूत्रकृमी, म्हणजे पिकाला नव्हे तर किडीच्या अळीला मारणारे सूत्रकृमी, सर्वांत झटपट काम करतात. त्यांच्या पोटातले जीवाणू अळीला साधारण दोन दिवसांत मारतात. पण तेच सर्वांत नाजूकही आहेत. हुमणीसाठी त्यांतला हेटेरोऱ्हॅब्डायटिस हा प्रकार घ्या, ते खोलवर जाऊन अळी शोधतात. मेलेली अळी विटकरी लाल दिसते. चौरस मीटरला अडीच ते पाच लाख, झारीने, सूर्य मावळल्यावर, आधीच भिजवलेल्या मातीत सोडा आणि वर पुन्हा पाणी द्या. उन्हात ते मरतात, झारीच्या तळाशी बसतात म्हणून ढवळत राहा, आणि पुढचे दोन आठवडे वाफसा (मातीतली बेताची ओल) मोडू देऊ नका. टाकण्याआधी थेंबभर द्रावण भिंगाखाली बघा: वळवळ नसेल आणि सगळे काडीसारखे सरळ पडलेले असतील तर पाकीट मेलेले आहे. या एका कारणाने पुष्कळांना हा उपाय फोल वाटतो.

पीक उभे आहे, अळ्या लहान आहेत, रोज पाणी देणे जमते: मित्र सूत्रकृमी. दरवर्षी हुमणी येते आणि घाई नाही: मेटारायझियम. आणि दोन्हींच्या आधी, अर्धवट कुजलेले शेणखत वापरणे बंद करा. भुंगे अंडी घालायला तेच शोधतात.

मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी

इथे उभ्या पिकात फारसे काही होत नाही, निवड रिकाम्या वाफ्यासाठीच आहे. सौर तापन, म्हणजे प्लास्टिकखाली उन्हाने माती तापवणे, वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात करतात: माती भुसभुशीत करून भरपूर भिजवा, २५ ते ५० मायक्रॉनचे पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटेल असे पसरा, कडा मातीत पुरा, चार ते सहा आठवडे हलवू नका. काळे प्लास्टिक उष्णता स्वतःच शोषते, म्हणून पारदर्शकच हवे. वरचा १५-२० सेंमी थर साफ होतो, खोलवरचे सूत्रकृमी उरतात.

ऊन पुरेसे नसेल तर झेंडू. पण कडेला चार झाडे शोभेपुरतीच. सगळा वाफा दाट झेंडूने भरून किमान दोन महिने ठेवावा लागतो, तणही राहू देता येत नाही, कारण तणाच्या मुळांवर सूत्रकृमी पोसले जातात. एक हंगाम गमवायची तयारी असेल तरच हे करा.

कटवर्म आणि चिलटे

कटवर्मसाठी औषधाआधी कागदी कपाचा तळ कापून रोपाभोवती गळपट्टा करा, २-३ सेंमी मातीत आणि ५ सेंमी वर. रात्री टॉर्च घेऊन वेचणीही होते.

चिलटांसाठी पेंड नको, पाणी आवरा. वरची २-३ सेंमी माती सुकू द्या. तरीही राहिली तर बीटीआय (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस) जीवाणूची आळवणी, म्हणजे द्रावण मातीत ओतणे, आठवड्याच्या अंतराने तीनदा. तो अळ्यांवरच चालतो. पिवळे चिकट सापळे फक्त उडणारी चिलटे पकडतात, त्यामुळे त्यांचा उपयोग मोजणीपुरता.

एकत्र वापरताना

मेटारायझियम आणि तांबेयुक्त बुरशीनाशक एकाच वाफ्यात नकोत. सौर तापनात मित्रजीवही मरतात, म्हणून मित्रबुरशी प्लास्टिक काढून माती निवल्यावरच मिसळा. पेंड आणि मित्र सूत्रकृमी दोन्ही वापरायचे असतील तर पेंड आधी आणि दोन-तीन आठवड्यांनी सूत्रकृमी.