माइटी नंबर 9: पैसे आधी, गेम सवडीने

2013 मध्ये जपानी गेम-निर्माते केइजी इनाफुने यांनी 'माइटी नंबर 9' या व्हिडिओ गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर 9 लाख डॉलर मागितले, मिळाले 38 लाखांवर. गेम एप्रिल 2015 ला यायचा होता. आधी सप्टेंबर, मग फेब्रुवारी, असं करत अखेर जून 2016 उजाडला. मधल्या काळात इंग्रजी आवाजांसाठी पुन्हा झोळी पसरली. हा गेम हाती नसतानाच 'रेड अ‍ॅश' या नव्या गेमसाठीही पैसे मागून झाले!

घोळाचं मूळ आश्वासनांत होतं. पैसे वाढले तसे कन्सोल (गेम खेळायची यंत्रं) आणि ऑनलाइन मोड वाढवत नेले. गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा, ते इंजिन जुनं, त्याला नवे अपडेट नाहीत. नेटवर्कमधली चूक सापडली की दुरुस्ती प्रत्येक मशिनवर वेगळी. थ्रीडीएस आणि व्हीटा या हातात धरायच्या कन्सोलची आवृत्ती तर आलीच नाही.

खेळायला कसा? डॅश, म्हणजे झपकन पुढे झेपावणं, मात्र झकास जमलाय. शत्रूला गोळ्या घालायच्या, त्याचा रंग पालटला की लगेच आरपार डॅश मारायचा. जितकी घाई, तितके गुण जास्त. बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) डळमळला की तेव्हाच डॅश मारा, नाहीतर तो गेलेली ताकद परत भरून घेतो आणि तुमच्या गोळ्या वाया. बाकी पार्श्वभूमी सपक, स्फोट पिझ्झ्यासारखे, आणि एका स्पर्शात जीव घेणारे सापळे नको तिथे पेरलेले.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात घसघशीत सवलत असेल तरच घ्या. पूर्ण किंमत मोजण्याजोगा हा गेम नाही.