चुन्यात शिजवलेला मका: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मेक्सिको-ग्वाटेमालाच्या भागातल्या प्राचीन माया लोकांची शहरं मक्याच्या जोरावर उभी राहिली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण हा मका ते चुन्यात शिजवायचे, ही गोष्ट सहसा एका ओळीत उरकली जाते. मला ती इतकी भिडली की गेले आठ महिने दर रविवारी मी तसाच मका शिजवते आहे.

किलोभर सुका मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम खाण्याचा चुना. पाऊण तास मंद आचेवर ठेवून मग रात्रभर झाकायचा. चुना पडला की दाणे गर्द पिवळे होतात. सकाळी दाणा चिमटीत चोळला की साल बुळबुळीत होऊन अलगद सुटते आणि नव्याने सारवलेल्या भिंतीसारखा वास येतो. तीन पाण्यांनी धुवायचा. भांडं स्टीलचंच घ्या, माझं अॅल्युमिनियमचं पातेलं पहिल्याच दिवशी काळं पडलं. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं, पाट्यावर वाटलेलं उत्तम. माया घरांतही मका दगडी पाट्यावरच वाटत.

साध्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात, हे पीठ मात्र छान धरून राहतं. खरा फायदा पोटात गेल्यावर. मक्यातलं नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) शरीराला सहसा मिळत नाही, चुन्याने ते मोकळं होतं. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही. अठराव्या शतकात उत्तर इटलीतल्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने, गाठलं ते त्यामुळेच.

माया प्रदेशातल्या बेलीझ देशात सापडलेल्या माणसांच्या हाडांवरून दिसतं की सुमारे ४,००० वर्षांपूर्वी मका तिथलं मुख्य अन्न झाला होता. पुढे इ.स.पू. १००० ते ८०० च्या सुमारास मेक्सिकोतल्या ताबास्को राज्यात आग्वादा फेनिक्स या माया स्थळाचा जवळपास १,४०० मीटर लांबीचा मातीचा चौथरा उभा राहिला. नंतर ग्वाटेमालातल्या एल मिरादोर या माया शहरात ला दांता हा पिरॅमिड, उंची सुमारे ७२ मीटर. एल मिरादोरसारख्या शहरांतल्या भिंतींना गिलावा चुनखडी भाजून केलेल्या चुन्याचा. म्हणजे तोच चुना चुलीवरही आणि देवळावरही! हे लक्षात आलं त्या दिवशी मी हातातलं पीठ तसंच धरून बसले होते.

सुरुवातीला मी फक्त भाकऱ्याच करायचे. मग ग्वाटेमालातल्या सान बार्तोलो या माया स्थळाचं इ.स.पू. १०० च्या आसपासचं भित्तिचित्र पाहिलं. मक्याच्या देवासमोर गुडघे टेकलेली बाई, तिच्या हातात तमालांची, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या गोळ्यांची, टोपली. आता तमालही करते. केळीच्या पानात पीठ गुंडाळायचं आणि पातोळ्यांसारखं वाफवायचं, तासभर तरी. आतलं सारण काळ्या घेवड्याचं सर्वात जमलं.