फोन केला की येणारी गाडी: लिंकनशर, इनिसफिल, क्योतांगो आणि आपला तालुका

आमच्या फाट्यावर दुपारी एकच्या पुढे उतरलेल्या माणसाला वर वाड्यांकडे जायला संध्याकाळच्या मुक्कामी एसटीशिवाय काही नाही. मधल्या वेळात वडापची खाजगी जीप असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. गेल्या पावसाळ्यात माझी आई तालुक्याच्या दवाखान्यातून येताना तिथे साडेतीन तास बसून होती. मांडीवर गोळ्यांची पिशवी, हातात छत्री. वडापवाला दर थोड्या वेळाने येऊन सांगायचा, ‘‘मावशी, अजून चार शिटा आल्या की निघू.’’ चार शिटा काही आल्या नाहीत. आई मुक्कामी गाडीनेच घरी पोचली, तेव्हा अंधार पडला होता.

आता ग्रामसभेत विषय निघालाय की ठरलेल्या फेऱ्यांऐवजी ‘मागणीनुसार’ चालणारी छोटी गाडी एक वर्ष चालवून बघावी. सात वाड्या, नऊ किलोमीटरचा घाटरस्ता. ठरवायचं आम्हालाच आहे, म्हणून गेले काही महिने जगात हे कुणी कसं केलं ते वाचून काढलं. तुमच्याकडेही असा विषय असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

कल्पना साधी आहे. गाडीला पक्का रस्ता नाही, पक्कं वेळापत्रक नाही. लोक आधी कळवतात, एका दिशेच्या मागण्या एकत्र केल्या जातात आणि त्या दिवशीचा मार्ग त्यावरून ठरतो. खरं म्हणजे आपण हे करतच आलोय. आदल्या रात्री जीपवाल्याला फोन करून ‘सकाळी आठला दोन शिटा धर’ असं सांगणं म्हणजे दुसरं काय? गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा पायलट हीसुद्धा मागणीनुसार येणारी सेवाच. फरक एवढाच, की जीपवाल्याला लग्नाचं भाडं मिळालं तर तो येत नाही आणि त्याबद्दल त्याला कुणी विचारू शकत नाही. सार्वजनिक सेवेत ‘येणारच’ ही जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. ती कुणी घ्यायची, याची तीन वेगवेगळी उत्तरं मला तीन ठिकाणी सापडली.

पहिलं इंग्लंडमधलं लिंकनशर. सपाट शेतीचा, विखुरलेल्या खेड्यांचा परगणा. तिथे २००१ पासून ‘कॉलकनेक्ट’ चालू आहे. मोठ्या गावांना जोडणाऱ्या मुख्य रस्त्यांवर वेळापत्रकाच्या मोठ्या बस ठेवल्या आणि आडबाजूच्या खेड्यांसाठी मागणीनुसार फिरणाऱ्या मिनीबस. प्रवाशाने एकदा नाव नोंदवायचं, मग फोनवर किंवा इंटरनेटवरून मागणी द्यायची. मिनीबस त्याला जवळच्या थांब्यावरून उचलते आणि लांब जायचं असेल तर मुख्य बसशी गाठ घालून देते. अपंगांना दारातून घेते, व्हीलचेअर आत चढते. वृद्धांचे सवलतीचे पास चालतात. गाडी आणि चालक यांचा खर्च दिवसागणिक ठरलेला, प्रवासी दोन असोत की बारा.

दुसरं कॅनडातलं इनिसफिल, टोरांटोच्या उत्तरेला, वस्ती साधारण ३६ हजार. तिथे बस नव्हतीच. नगरपालिकेने हिशोब मांडला तेव्हा एक बस चालवायला वर्षाला २ लाख ७० हजार डॉलर आणि दोन बसना ६ लाख १० हजार डॉलर लागतील असं दिसलं. एवढ्यात सगळ्या वस्त्यांपर्यंत पोचताही येणार नव्हतं. म्हणून २०१७ च्या मे महिन्यात त्यांनी बस न घेता उबरशी करार केला. स्टेशन, नगरपालिका अशा ठरावीक ठिकाणी जायला प्रवाशाने ३ ते ५ डॉलर द्यायचे, बाकीचे नगरपालिका देणार. इतर ठिकाणी जायला ५ डॉलरची सूट. सुरुवातीची तरतूद होती १ लाख डॉलर. लोकांना सेवा आवडली, खूपच आवडली. २०१८ मध्ये खर्च ६ लाख ४० हजारांच्या आसपास गेला, म्हणजे दोन बसच्या अंदाजाच्याही पुढे. २०१९ च्या एप्रिलमध्ये भाडं एका डॉलरने वाढवलं, सूट ४ डॉलरवर आणली आणि माणशी महिन्याला ३० फेऱ्यांची मर्यादा घातली.

या गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबले. बस भरत जाते तसा दर प्रवाशामागचा खर्च कमी होतो. टॅक्सीला अनुदान दिलं तर प्रत्येक नव्या प्रवाशामागे नवा खर्च येतो. सेवा जितकी चांगली चालेल तितकी तिजोरी लवकर रिकामी होईल, आणि मग लोकांनी गाडी कमी वापरावी अशी तजवीज करावी लागेल. ज्या महिन्यात कुणाच्या घरी डायलिसिस चालू असेल त्या महिन्यात ३० फेऱ्या कशा पुरायच्या? इनिसफिलवाल्यांनी जास्तीच्या फेऱ्यांसाठी अर्जाची सोय ठेवली. पण ज्याला अर्ज लिहायला दुसऱ्याचा हात लागतो, त्याच्यासाठी ती सोय अर्धीच.

तिसरं जपानमधलं क्योतांगो, क्योतो प्रांताच्या उत्तर टोकाला, समुद्रकाठी. त्यातल्या तांगो गावची वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास, दहातले चार जण म्हातारे. गावातला टॅक्सीचा धंदा २००८ मध्येच बंद झालेला. २०१६ च्या मे महिन्यात तिथल्या एका स्थानिक संस्थेने गावकऱ्यांच्याच खाजगी गाड्या घेऊन सेवा सुरू केली. अठरा-वीस चालक, सगळे गावचे, स्वतःची मोटार घेऊन येणारे. मागणी उबरच्या अ‍ॅपवर. भाडं पहिल्या दीड किलोमीटरला ४८० येन, पुढे किलोमीटरला १२० येन, म्हणजे टॅक्सीच्या साधारण निम्मं. जिथे दुसरी वाहतूक नाही तिथे खाजगी गाडीने पैसे घेऊन माणसं नेण्याची सूट जपानच्या कायद्यात आहे, तिचा आधार घेतला.

थोड्याच दिवसांत दोन गोष्टी लक्षात आल्या. ज्यांच्यासाठी सेवा काढली त्या म्हाताऱ्यांकडे स्मार्टफोन नव्हते आणि क्रेडिट कार्डंही नव्हती. मग त्याच वर्षी, दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या वतीने गाडी मागवून द्यायची सोय केली आणि रोख पैसे घ्यायला सुरुवात झाली. तिसरी अडचण मात्र नियमातच होती. प्रवासी घ्यायचा तो फक्त तांगो गावात, सोडायचा क्योतांगोत कुठेही. शेजारच्या भागात टॅक्सीवाले होते, त्यांचा धंदा बुडू नये म्हणून ही अट. त्यामुळे आजीला मोठ्या दवाखान्यात जायला गाडी मिळायची, परत यायला नाही.

हे वाचताना मला आमचा फाटाच दिसला. सकाळी जाणं जमतं, कुणाची तरी दुधाची गाडी असते, मोटरसायकल असते. अडतं ते परतताना. म्हणून या तिन्हींची तुलना करताना पहिला प्रश्न मी हाच धरला की दुपारी दोन वाजता दवाखान्यातून सुटलेलं माणूस घरी कसं येणार. लिंकनशरच्या रचनेत जातानाच परतीची मागणी नोंदवता येते आणि गाडी दिवसभर त्याच भागात फिरत असते. इनिसफिलमध्ये परतीची गाडी मिळणं हे त्या वेळी जवळपास चालक आहे की नाही यावर. शहराला चिकटलेल्या गावात तो असतो. आमच्या घाटात पाऊस लागल्यावर कोण चालक अ‍ॅप चालू ठेवून बसणार आहे? आणि क्योतांगोची गोष्ट वर सांगितलीच.

दुसरा प्रश्न सवलतीचा. यावर चर्चा फार कमी होते, पण आपल्याकडे सगळा निकाल यावर लागू शकतो. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत, ६५ ते ७५ मधल्यांना अर्ध्या तिकिटात. गावाकडच्या मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे. राज्यातल्या १२५ तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींसाठी वेगळ्या धावतात. यातलं काहीही वडापमध्ये चालत नाही, कुठल्या खाजगी टॅक्सीतही चालणार नाही. म्हणजे एसटीची फेरी काढून तिथे जीपवाल्याला अनुदान दिलं, तर कागदावर ‘सेवा सुधारली’ असं दिसेल आणि माझ्या आईच्या पदराला पूर्ण भाडं पडेल. मागणीनुसार गाडी आणायची तर ती एसटीच्या तिकिटावर आणि एसटीच्या सवलतीत चालली पाहिजे. ही अट सुटत असेल तर प्रस्ताव नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेच्या फेरीला हात लावू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगते. साधा हिशोब करा. नऊ किलोमीटर घाट, ताशी वीस-पंचवीसचा वेग, मध्ये दोन वाड्यांत आत वळून यायचं. वर-खाली एका खेपेला तास सहज जातो. सोळा आसनी गाडी असली तरी वेगवेगळ्या वाड्यांतल्या मागण्या गोळा करताना तासाला पाच-सहा माणसंच निघतात. सकाळी सातला एकाच वेळी चाळीस पोरं शाळेला निघालेली असताना ही गाडी कुठे पुरणार? वेल्समध्ये २०२० मध्ये ‘फ्लेक्सी’ नावाने अशा सेवा सुरू झाल्या, त्यात न्यूपोर्ट शहरातली सेवा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये बंद करून पुन्हा वेळापत्रकाच्या बस आणल्या. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागातल्या काही फ्लेक्सी सेवा मात्र चालू राहिल्या. जिथे एका वेळी एका दिशेने गर्दी जाते तिथे पक्की फेरी, आणि जिथे दिवसभरात कधी दोन कधी पाच माणसं हलतात तिथे मागणीची गाडी, असं काम वाटून द्यावं लागतं.

फोनबद्दल थोडक्यात. आमच्या सातपैकी तीन वाड्यांत रेंज नाही, ती शाळेमागच्या टेकाडावर मिळते. नुसतं अ‍ॅप असेल तर सेवा तरुणांची होईल, आणि त्यांच्याकडे मोटरसायकली आहेतच. फोन नंबर हवा, त्यावर मराठीत बोलणारं माणूस हवं, आणि रेंज नसलेल्या वाडीत आशाताईंकडे किंवा दुकानात आदल्या संध्याकाळी नाव सांगायची सोय हवी.

कायद्याचं काय, असा प्रश्न आमच्या ग्रामसेवकांनी विचारला आणि तो रास्त आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन खण आहेत. टप्पा वाहतुकीचा परवाना असेल तर वाटेत प्रवासी चढवता-उतरवता येतात. कंत्राटी परवान्याच्या गाडीला वाटेत वेगवेगळे प्रवासी घेता येत नाहीत. मागणीनुसार फिरणारी गाडी धड पहिल्या खणात बसत नाही, धड दुसऱ्यात. पण २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६७ मध्ये तिसरं पोटकलम घातलंय. त्यानुसार ग्रामीण वाहतूक आणि शेवटच्या टप्प्याची जोडणी यांसाठी राज्य सरकार अधिसूचना काढून वेगळी योजना करू शकतं, परवाने बदलू शकतं. म्हणजे दार आहे, ते सरकारने उघडायचं आहे. ग्रामपंचायतीचा ठराव करताना या पोटकलमाचा उल्लेख जरूर करा. नाहीतर ‘कायद्यात बसत नाही’ एवढ्या एका ओळीवर कागद परत येतो. आमच्या एका जुन्या अर्जाचं तसंच झालं होतं.

क्योतांगोसारखा खाजगी गाड्यांचा मार्ग मी पूर्ण टाकून देत नाही. आमच्या वर धनगरवाड्यात सहा घरं आहेत, तिथे मिनीबस चढणारच नाही. तिथल्या एका पोराकडे जीप आहे. तिचा विमा, परवाना, ठरलेला दर आणि महिन्याचा पक्का मोबदला असं सगळं नीट झालं, तर त्याने फाट्यापर्यंत माणसं आणून एसटीला जोडून द्यावीत. पण हे टोकाच्या वस्तीपुरतं. बाळंतीण, साप चावलेला माणूस असल्या वेळी तर १०८ च हवी, आणि ही नवी गाडी आली म्हणून कुणी तिच्या भरवशावर राहू नये, हे गावात आधीच सांगावं लागेल.

तर आम्ही लिंकनशरची पद्धत मागणार आहोत. सकाळची शाळेची आणि संध्याकाळची मुक्कामी फेरी आहे तशी. मधल्या वेळात, नऊ ते सहा, एक छोटी गाडी एसटीच्या तिकिटावर, फाट्यावरच्या मोठ्या गाड्यांशी वेळ जुळवून. तालुक्याहून येणारी एसटी उशिरा आली तर छोटी गाडी वीस मिनिटं थांबेल, ही अट ठरावात लिहिलेली. वडापवाल्यांशीही आधीच बोलायचं. त्यांच्यातले दोघे चालक म्हणून यायला तयार आहेत, आणि घाटातला कुठला दगड पावसात सुटतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

प्रयोग जूनमध्ये सुरू करायचा, जानेवारीत नाही. शाळा उघडणं, भातलावणी, दरड, आठवडी बाजार हे सगळं पहिल्या चार महिन्यांत येऊन जाईल. उन्हाळ्यात चाललेली गाडी पावसात चालते याचा पुरावा होत नाही. आणि मोजायचं काय? आगाराची सवय भारमान मोजायची, किती शिटा भरल्या एवढंच. इथे त्यासोबत नकार मोजायला हवेत: कुणी, किती वाजता, कुठून गाडी मागितली आणि मिळाली नाही. त्याची एक वही फाट्यावरच्या चहाच्या टपरीत टांगून ठेवायची, पेन्सिल दोऱ्याने बांधून. ज्याला गाडी मिळाली नाही त्याने, किंवा त्याच्यासाठी टपरीवाल्या काकांनी, त्याच दिवशी तिथे लिहायचं.